सात नंबरच्या खोलीतला पाहुणा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण त्या होडीत मी स्वतः होते, आणि माझी दहा महिन्यांची मुलगी जेबिवोत माझ्या मांडीवर होती.

यंदाच्या ऑगस्टमधली गोष्ट. बरिंगो तलाव. दुपारचे साडेचार.

मुलीला लस टोचून आम्ही परत निघालो होतो. तलावाचं पाणी चढल्यापासून आमचा रस्ता पाण्याखाली आहे, म्हणून होडी. होडी माझ्या चुलत सासऱ्यांची, कांगोगो काकांची. काठावरच्या सफारी लॉजवर ते सतरा वर्षं पहारेकरी होते. आता लॉजही बुडालंय. होड्या त्याच्या छपरांवरून जातात.

"मालक गेला, पाहुणे गेले, पण माझी ड्युटी काही सुटत नाही बघ, सूनबाई," काका हसत म्हणाले.

तेवढ्यात इंजिन बंद पडलं.

इंजिनाच्या पंख्यात मासेमारीचं जाळं अडकलं होतं. खाली छप्पर, जेमतेम गुडघाभर पाण्यात. उतरून होडी ढकलता आली असती. पण एका बाजूला मगरीचे डोळे तरंगत होते...

दुसऱ्या बाजूला पाणघोड्यांचा कळप.

तास गेला. पोर रडून रडून गप्प झाली. दूरवर एकही होडी नाही.

मग...

टक. टक. टक.

खालून.

काकांचा चेहरा उतरला. का, ते मलाही कळलं. त्या लॉजचा नियम आमच्या घरात सगळ्यांना पाठ होता. दिवस मावळला की पाणघोडे हिरवळीवर चरायला यायचे. पाहुण्याला बाहेर यायचं असेल तर त्याने आतून दार तीनदा वाजवायचं. पहारेकऱ्याने काठीने दोनदा उत्तर द्यायचं. एकदा उत्तर दिलं की तो पाहुणा पहारेकऱ्याच्या जबाबदारीवर. त्याला नीट खोलीपर्यंत पोचवायचं.

"ही सात नंबर," काका हळूच म्हणाले. "पाणी चढलं तेव्हा रिकामी मीच केली होती. कुलूपही मीच लावलं."

टक. टक. टक.

मी म्हटलं, "काका, उत्तर देऊ नका."

पण सतरा वर्षांची सवय. माझं बोलणं संपायच्या आत त्यांच्या वल्ह्याने छपरावर दोन ठोके दिले होते.

जाळं सुटलं. आपोआप.

आणि होडी मागच्या बाजूने जराशी दबली... कुणीतरी चढावं तशी.

काका आम्हाला घरापर्यंत सोडायला आले. आमच्या दारात थांबले. मागे वळले. रिकाम्या अंगणाकडे बघत, आमच्या मागच्या खोलीकडे हात करून अगदी अदबीने म्हणाले,

"सांभाळून, पायरी आहे. ही तुमची खोली."

दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणे मी असं काही बोललोच नाही.

दोन महिने झाले. मागची खोली मी बंद ठेवलीय. नवरा कामाला नाकुरू शहरात असतो. तो फोनवर म्हणतो, घर सोड, इकडे निघून ये. कशी येऊ? रस्ता अजून पाण्यात आहे. जायचं तर होडीनेच... त्याच छपरांवरून.

रोज संध्याकाळी त्या खोलीचं दार वाजतं.

आतून. तीनदा.

मी उत्तर देत नाही.

पण जेबिवोत आता मिळेल ते आपटायला शिकलीय. काल तिच्या हातात चमचा होता. जमिनीवर एकदा आपटला...

दुसऱ्यांदा हात उचलला, तेव्हा मी धावत जाऊन तो धरला.

हे मी एका हाताने लिहितेय. दुसऱ्या हातात तिच्या दोन्ही मुठी घट्ट धरल्यात.

संध्याकाळ झालीय.