रंगाचं तुम्हीच सांगा

जळगावच्या नवी पेठेतलं ते दुकान आता तिथे नाही. मागच्या दिवाळीत गेले, तर त्या जागी साड्यांचं दुकान. मी उगाचच पायरीवर दोन मिनिटं उभी राहिले. आतली मुलगी म्हणाली, "या ना ताई, नवीन माल आलाय." तिला काय सांगणार... की चार वर्षांपूर्वी याच पायरीवर मी आबांचा हात धरून पावसातून धावत आले होते, आणि त्या धावण्याने माझं सगळं पुढचं बदललं!

सप्टेंबर होता. आम्ही धुळ्याचे. जळगावातच मेहरूणला आत्याकडे आलो होतो. परतीची एस.टी. गाठायला निघालो, तर भर दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस. आडोसा म्हणून आम्ही त्या दुकानाच्या छपराखाली शिरलो. काचेमागे भिंतभर टीव्ही लावलेले, आणि सगळ्यांवर एकच चित्र... हिरव्या पानांत बसलेला लालचुटुक पक्षी.

आबा, म्हणजे माझे वडील, शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. महिन्यापूर्वीच त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डावा डोळा व्हायचा होता. तेव्हापासून त्यांचा एक खेळ चाललेला. आधी हा डोळा मिटायचा, मग तो.

"दिपमाला, या डोळ्याने बघ, भिंत चहासारखी दिसते. आणि याने पांढरीशुभ्र! म्हणजे इतकी वर्षं मी पोरांना कोणते रंग शिकवले गं?"

काचेसमोरही त्यांनी तोच खेळ सुरू केला. एवढ्यात दार उघडलं.

"आत या ना आबा. बाहेरून अर्धाच दिसेल. आणि तुम्ही भिजताय."

असा भेटला तो. निळा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, खिशाला नावाची पट्टी — प्रेमराज. मी ती पट्टी जरा जास्तच वेळ वाचली असावी.

"घरी राजू म्हणतात," तो म्हणाला. "हे नाव फक्त गिऱ्हाइकांना हसवायला."

मी हसलेच.

घरचा टीव्ही जुना झाला होता आणि मोठा घ्यायचा विचार आबांच्या मनात होताच. प्रेमराजने कोपऱ्यातले दिवे मालवले आणि आम्हाला दोन टीव्हींसमोर उभं केलं.

"याला मागून दिवे आहेत. पुढच्या काचेतून उजेड गाळून चित्र होतं. म्हणून काळा म्हटलं तरी जरा राखाडीच. आणि हा ओएलईडी. ह्यातला प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, नको तेव्हा स्वतःच विझतो. म्हणून काळा म्हणजे..." त्याने एका चित्रातल्या आभाळाकडे बोट दाखवलं. "अमावस्या."

आबा भारावले. "मग हाच दे."

"थांबा. घरात टीव्ही कुठे आहे? दार कुठे?"

"दार समोरच. दिवसभर उघडं. कोणी ना कोणी येतच असतं."

"आणि काकू काय बघतात?"

"एकच चॅनल," मी म्हणाले. "सकाळपासून दिवा लागेपर्यंत."

"मग हा नका घेऊ." त्याने सरळ सांगून टाकलं. "समोरून ऊन आलं की चित्र फिकं पडेल आणि काचेत तुमचीच बैठक दिसेल. शिवाय रोज तासन् तास एकच चॅनल लावलं, तर त्याचं चिन्ह कोपऱ्यात कायमचं उमटून बसू शकतं. त्यापेक्षा हा तिसरा बघा, मिनी एलईडी. मागे बारीक बारीक पुष्कळ दिवे, जिथे अंधार हवा तिथले मंद होतात. काळा ओएलईडीइतका नाही, पण उन्हाला टिकतो. आणि स्वस्तही आहे."

"शेठ ऐकतील ना तुमचे!" मी म्हणाले.

"शेठ जेवायला गेलेत," तो हळूच म्हणाला, आणि माझ्याकडे बघून... नाही, फक्त बघितलं. पण बाहेरचा पाऊस थांबू नये असं मला वाटून गेलं.

मग आबांनी आपण चित्रकलेचे मास्तर असल्याचं सांगून विचारलं, "पण ह्या पानाचा हिरवा बरोबर आहे का? जरा पिवळ्याकडे झुकत नाही?"

"रंगाचं तुम्हीच सांगा आबा. तुम्ही मास्तर. मी काळ्या-पांढऱ्याचं सांगतो."

आबांना तो नम्रपणा वाटला. मला नाही. मी धुळ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नजर तपासते. मघाशी रिमोटवरचं लाल बटण दाखवताना त्याचं बोट डावीकडून मोजत गेलं होतं, तेही माझ्या लक्षात आलं होतं. काउंटरवर माहितीचे दोन गठ्ठे होते, एक लाल पट्टीच्या कागदांचा, एक हिरव्या. तो पाठमोरा असताना मी गठ्ठ्यांची अदलाबदल केली. का केली, कोण जाणे. सवय म्हणा, आगाऊपणा म्हणा.

"तो लाल पट्टीचा कागद द्याल?"

त्याने हिरवा दिला.

"थँक्यू," मी म्हणाले आणि हसले. त्याने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. कागदाच्या मागच्या बाजूला स्वतःचा नंबर लिहून दिला.

पुढचे पंधरा दिवस त्या नंबराला भारी काम पडलं. पंचावन्न इंची की पासष्ट, हा घरात मोठाच प्रश्न झाला. त्याने फोनवर सांगितलं, "वर्तमानपत्रं जोडून दोन्ही मापं भिंतीवर चिकटवा. चार दिवस बघा. भिंत स्वतःच सांगेल."

आईने भिंतीकडे बघून कपाळाला हात लावला आणि आपल्या अहिराणीवर आली. "हाऊ काय तमाशा शे? इतला मोठा टीव्ही का सर्कस?"

मी व्हिडिओ कॉल करून भिंत दाखवायची. तो म्हणायचा, "जरा मागे जा. अजून मागे. सोफ्यापर्यंत." मग म्हणायचा, "आता फोन फिरवा."

"कशाला? टीव्ही तर इकडे लागणार."

"बघणारे किती लांब बसतात ते बघायला नको?"

"दहा फुटांवर. मोजलंय."

"बघितल्याशिवाय कसं कळणार..."

मी फोन फिरवायची. मग अंतराचं कुणी काही बोलायचं नाही.

एका मंगळवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, तो खोली बघायला म्हणून थेट धुळ्यालाच आला. असं कुठल्या दुकानातून कोणी येत नाही, हे आईलाही कळलं असणार. तिने शेवभाजी केली, त्याला दोनदा वाढली, आणि स्वयंपाकघरात मला म्हणाली, "पोऱ्या चांगला शे." मी भांड्यांचा आवाज केला.

जेवण झाल्यावर आम्ही चहा घेऊन गच्चीवर गेलो. दोरीवर कपडे वाळत होते. ऊन तिरपं झालं होतं.

"त्या दिवशी तुम्ही गठ्ठे बदलले होते," तो म्हणाला.

मी कप खाली ठेवला.

"तुम्ही गेल्यावर बघितलं. दुसऱ्या गिऱ्हाइकालाही चुकीचा कागद दिला मी. शेजारचा विक्रेता हसला, तेव्हा कळलं."

"मला... सवय आहे हो. मी दवाखान्यात तेच काम करते. ठिपक्यांचं पुस्तक दाखवायचं, आकडा विचारायचा..."

"तुम्ही दाखवता ते पुस्तक?"

तो कठड्याला टेकला. मग त्याने सांगितलं. तो भुसावळचा. वडील इंजिन ड्रायव्हर. लहानपणी वडिलांचा डबा घेऊन यार्डात जायचा आणि सिग्नल बघत बसायचा. वरचा दिवा, खालचा दिवा... दिवे जागेवरून ओळखतो आहोत, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. मोठा झाल्यावर रेल्वेची लेखी परीक्षा पास झाला. घरी पेढे वाटले. आणि मेडिकलला एका बाईंनी ते पुस्तक पुढे धरलं.

"पहिल्या पानावरचा आकडा वाचला. पुढे नुसते ठिपके. मी म्हटलं, पुन्हा दाखवा. त्यांनी दाखवलं. आणि त्या हसल्या. वाईट नव्हत्या त्या. पण हसल्या. तुम्हीही तसंच हसलात."

खरं तर मी "तसं नव्हतं," एवढं तरी म्हणायला हवं होतं. तो चहा पिऊन खाली गेला, आई-आबांच्या पाया पडला आणि एस.टी.ला निघून गेला.

त्यानंतर त्याचा फोन नाही. मी केला तर, "गिऱ्हाईक आहे, नंतर बोलतो." ते 'नंतर' कधी आलंच नाही. टीव्ही आला, पासष्ट इंची. कंपनीचा माणूस बसवून गेला. भर दुपारी दार उघडं ठेवूनही चित्र स्वच्छ दिसायचं. आई शेजारणींना बोलावून दाखवायची. मी मात्र त्या खोलीत फार बसत नसे.

दवाखान्यात रोज नोकरभरतीची मुलं नजर तपासायला यायची. पूर्वी मी पुस्तक उघडायची आणि घड्याळाकडे बघायची. आता मुलगा अडखळला की पुस्तक मिटून म्हणायची, "बस जरा. पाणी पी." एकाला तर मी बाहेर बाकावर बसून दहा मिनिटं समजावलं. तो गेला आणि मला रडू आलं. मला ज्याला समजवायचं होतं, तो जळगावात होता.

दीड महिन्याने आबांचा दुसरा डोळाही झाला. त्यांना आता टीव्हीचे रंग भडक वाटू लागले. त्यांनी स्वतःच प्रेमराजला फोन लावला. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "पोरगा म्हणतो, आबा, मला लाल-हिरवं नीट कळत नाही, तुम्ही बघून सांगा, मी बटणं सांगतो. अर्धा तास आम्ही दोघांनी मिळून लावला." आबांनी चष्मा पुसला. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग इथे काय बसलीस?"

रविवारी मी जळगावला गेले. दुकानात गर्दी होती. मला बघून तो गडबडला. "काही बिघडलं का टीव्हीचं?"

"रिमोटचं कव्हर हवंय."

"ते तर धुळ्यात कुठेही मिळतं."

"हो," मी म्हणाले. "माफी मागायला मात्र इथेच यावं लागतं."

शेजारचा विक्रेता वळून बघायला लागला. प्रेमराजने शेठकडे तासाभराची सुट्टी मागितली आणि आम्ही रिक्षाने मेहरूणच्या तलावावर गेलो. काठाने चालत राहिलो. मी सगळं सांगितलं. गठ्ठे बदलले ते चुकलं, गच्चीवर गप्प राहिले ते त्याहून चुकलं, आणि दवाखान्यातली मुलं...

"मीही शेठना सांगून टाकलं," तो म्हणाला. "रोज भीती घेऊन उभं राहायचं, कंटाळा आला. वाटलं, काढून टाकतील. ते म्हणाले, तुझी गिऱ्हाइकं तुलाच विचारत परत येतात, रंग त्यांचे ते बघतील."

"आणि घरी?"

"आई म्हणते, मुलीकडच्यांना आधी सांगावं लागेल. लपवायचं नाही. पण पुढे मुलाबाळांना..." तो पाण्याकडे बघत राहिला.

"मुलांना नाही येत ते!" मी घाईघाईने म्हणाले. "बापाकडून मुलाला येतच नाही. मुलींनाही सगळे रंग दिसतात. पुढे मुलींच्या मुलांना येऊ शकतं, तेही निम्मी शक्यता. तेव्हा आपल्याला काळजीचं..."

मी थांबले. पण फार उशिरा.

तो माझ्याकडे वळला. "दिपमाला... मी अजून लग्नाचं विचारलंसुद्धा नाही. आणि तुम्ही नातवंडांपर्यंत पोचलात?"

मी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. तो इतका हसला की काठावरच्या बायका बघायला लागल्या. त्याच्या हसण्यात दीड महिन्याचं सगळं विरून गेलं.

"लाजताय? मला नुसतं बघून कळायचं नाही. सांगावं लागेल."

"लाजतेय," मी हातांमागून म्हणाले. "आता विचारा तरी."

त्याने विचारलं. चांगला बोलका माणूस, पण अडखळला, मध्येच घसा खाकरला, पुन्हा सुरुवात केली. वाक्य संपायच्या आत मी हो म्हणून टाकलं.

मग त्याने शेठना फोन केला, की तासाभराची सुट्टी आता उद्यापर्यंतची करा. आणि आई-आबांना सांगायला साडेपाचच्या एस.टी.ने आम्ही दोघं धुळ्याला निघालो. खिडकीची जागा त्याने मला दिली.