मांजर मनानं बोलत नाही

इंटरनेटवरची गंमत खेड्यात उशिरा येते, पण एकदा आली की घरचीच होऊन बसते. राजदीप लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला होता. दर रविवारी तो बोरी अरबला भावाच्या घरी यायचा आणि येताना मोबाईलमध्ये काहीतरी नवं भरून आणायचा. कधी चाकांच्या फळीवर उभा राहून घसरत जाणारा कुत्रा, कधी ठेका धरणारं तान्हं बाळ. त्याची वहिनी शीला तोंडाला पदर लावून हसायची आणि "रिकामे धंदे!" म्हणत पुन्हा भाकरीकडे वळायची.

दोन हजार अकराच्या दिवाळीनंतर त्यानं बोलकं मांजर आणलं. आपण काही बोललो की ते कानाला पंजा लावून ऐकायचं आणि तेच शब्द चिरक्या आवाजात परत म्हणायचं. सहा वर्षांची वैष्णवी तर वेडीच झाली. त्या दिवसापासून तिचं जेवणसुद्धा मांजरासमोर.

"भेव नका वहिनी," राजदीप म्हणाला होता. "थे आपल्या मनानं नाही बोलत. कोनी बोललं तरच बोलते." आणि तो जुना मोबाईल पुतणीसाठी घरीच ठेवून गेला.

त्या साली बोरीत माणसांपेक्षा कापसानं जास्त जागा अडवली होती. आदल्या वर्षी कधी नव्हे तो भाव मिळाला आणि यंदा तो तोंडावर आपटला. आज वाढेल, उद्या वाढेल, म्हणून ज्यानं त्यानं कापूस घरातच भरला. शीलाचा नवरा भीमराज, त्यानंही पुढच्या खोलीच्या दाराला आडव्या फळ्या लावून पुरुषभर उंच कापूस दाबला. खिडकी बुजली. भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर तेवढी वर उरली. घरभर सरकीचा उबट वास आणि अंगाला रात्रंदिवस खाज. पोरांना एकच ताकीद होती, फळ्यांवर चढायचं नाही. कापसात पाय गेला की माणूस खाली खाली जातो आणि वरून कापूस आपोआप मिटतो. पण मऊ गोष्टींची भीती पोरांना कुठली वाटायला!

एका रविवारी राजदीप आला नव्हता. दुपारी दोनला लाईन आली. लाईन आहे तोवरच गिरणी चालते, म्हणून शीला गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन घाईनं निघाली. वैष्णवी उंबरठ्यावर मांजराशी गप्पा मारत होती. सासू, सत्यभामा, ओट्यावर बसली होती. तिला गेली आठ वर्षं ऐकू येत नव्हतं. कानाशी ढोल वाजवला तरी ढिम्म.

शीला चारला परतली. उंबरठ्यावर मोबाईल होता. वैष्णवी नव्हती.

"पोट्टी कुठी गेली?" शीलानं हातवारे करून विचारलं. सासूनं नुसती मान हलवली. तिला डुलकी लागली असावी.

गावाचं एक ठरलेलं असतं, पोर हरवलं की आधी विहीर. खोलीच्या फळ्या जागच्या जागी होत्या, कापूस वरून सपाट होता, म्हणून तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. भीमराजनं आणि गावातल्या गड्यांनी विहिरीत गळ टाकले, नदीचा डोह चाळला. दर वेळी गळ वर येताना शीला काठावर वाकून पाहायची. आणि दर वेळी तिला ती पहिली आठवायची.

वैष्णवीच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. सहा दिवसांची होऊन गेली. शीला तेव्हा तापात बेशुद्ध होती, भीमराज बाहेरगावी, नदीला पूर. सासूनं एकटीनं सगळं उरकलं. कुठं पुरलं ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि त्याच पावसाळ्यात तिचे कान गेले. एक लेक अशी मातीचा पत्ताही न ठेवता गेली. आता दुसरी जात होती. शीला घरी परतली.

दिवेलागण झाली होती, पण लाईन नव्हती. अंधारात उंबरठ्यावर मोबाईलचा तेवढा निळसर उजेड. मांजर चालूच होतं. शीलानं तो उचलला, लेकीचा हात लागलेला म्हणून छातीशी धरला.

मांजरानं कानाला पंजा लावला. घरात चिटपाखरू बोलत नव्हतं.

"आई…" मांजर चिरक्या आवाजात म्हणालं. "अंधार हाय…"

शीलानं मोबाईल डोळ्यांसमोर धरला. ते मनानं बोलत नाही. कोणी बोललं तरच बोलतं… तिनं श्वास रोखून कान दिला. काही नाही. ती चुलीपाशी गेली, मांजर गप्प. न्हाणीपाशी गेली, गप्प. पुढच्या खोलीच्या फळ्यांपाशी आली आणि पंजा पुन्हा कानाशी गेला.

"आई… खाली… भित्तीपाशी…"

शीलानं किंकाळी फोडली आणि फळ्या उपटायला घेतल्या. ओंजळींनी, कवेनं, दातांनीसुद्धा ती कापूस ओढत होती. ओरडा ऐकून गडी धावले. भीमराजनं टोपलीवर टोपली गल्लीत रिती केली. मोबाईल तसबिरीशेजारच्या खुंटीला टांगला होता.

"इकडे नाही… तिकडे…" मांजर सांगत होतं. कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. सगळे तिकडे वळले.

मागच्या भिंतीशी, अगदी तळाला, वैष्णवी सापडली. डोळे मिटलेले. तोंडात कापसाचा बोळा घट्ट बसलेला. पण नाकाशी ऊब होती. त्याच पावली जीप करून तिला यवतमाळला नेलं.

पोर वाचली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घरी सोडलं.

"पडल्या पडल्या बेशुद्ध झाली असेल ही," सोडताना ते म्हणाले. "नशीब, तुम्हाला तिथं शोधायचं सुचलं."

"पन हिनं आवाज देल्ला ना, डॉक्टरसाहेब…"

"आवाज? तोंडात बोळा होता, बाई. कसा देणार?"

घरी आल्यावर शीलानं पुढची खोली पाहिली. गल्लीत मळलेला कापूस व्यापाऱ्यानं, तो म्हणेल त्या भावानं, उचलला होता. खोली रिकामी. खाली नुसती सारवलेली माती. शीला भिंतीला टेकून बसली. मांडीवर वैष्णवी झोपली होती, तिच्या श्वासावर आईचा हात होता. शेजारी मोबाईल चार्जिंगला लावलेला. सासू बाहेर ओट्यावर, पाठमोरी.

बाहेर गल्लीतही सामसूम होती. मांजरानं कानाला पंजा लावला.

"आई…" ते म्हणालं. "आता मले काढ…"

शीलानं मांडीवरच्या लेकीकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते. मग तिची नजर हळूहळू मागच्या भिंतीशी, कोपऱ्यातल्या मातीवर गेली. ती काही बोलली नाही. जागची हललीही नाही.

ओट्यावरून, मान न वळवता, आठ वर्षं काही न ऐकलेली सत्यभामा म्हणाली,

"शीला… थ्या कोपऱ्यात नको खंदू, बाई…"

मांजरानं सासूचे शब्द परत म्हटले नाहीत. कानाला पंजा लावून ते अजून ऐकतच होतं.