गणपतीच्या पाठीमागची उजळणी

पेणच्या त्या कारखान्यात मी शिरले ती सरीतून पळत, आमचा गणपती ठरवायला. आत ओळीने बसलेल्या पांढऱ्याशुभ्र मूर्ती, ओल्या मातीचा वास… आणि एका मूर्तीसमोर बारीक ब्रश धरून बसलेला एक तरुण. मी विचारलं, शाडूची दीड फुटाची मिळेल का? तो गप्प. पुन्हा विचारलं. तरी गप्पच. मी छत्री झटकून वळले, तेव्हा मागून आवाज आला.

"रागावू नका बाई. डोळे आखताना श्वास पन सोडायचा नाय. बुबुळ जरा सरकलं, तर बाप्पा दहा दिवस शेजाऱ्यांच्या घरात बघत बसल."

मी हसले. तिथेच फसले म्हणायचं.

तो हरेश. वडील मिठागरावर, आणि हा डोळ्यांचा कारागीर. मी रोह्याची उर्वी, पेणच्या एका शाळेत पहिलीच्या पोरांना शिकवणारी. शाळा सुटली की रोह्याच्या गाडीला तासभर असायचा. तो तास हळूहळू कारखान्यात जायला लागला. मूर्तीच्या बैठकीमागे गिऱ्हाइकाचं नाव पेन्सिलने लिहून ठेवायची तिथली रीत. आमच्या मूर्तीमागे त्याने लिहिलं, 'विष्णु मास्तर, रोहा'. आणि खाली, बारीक अक्षरात, 'उर्वी'.

"माझं नाव कशाला?"

"मूर्ती बदलू नाय म्हनून," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

श्रावण लागला आणि त्याने विचारलं, घरी बोलायला येऊ का? माझा चेहरा उतरला. बाबांनी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मला बघायला आलेल्या मुलाला बाबा पोह्यांची बशी संपायच्या आत एक क्रियापद द्यायचे आणि बाराही काळांत चालवून दाखव म्हणायचे. कंपनीतला इंजिनियर सातव्या काळात अडकला. नागोठण्याचा बँकवाला तर चौथ्यालाच चपला शोधायला लागला. बाबांचा निरोप ठरलेला, मुलगा चांगला आहे, पण पाया कच्चा.

हरेशने सगळं ऐकलं आणि म्हणाला, बारा तर बारा. पण इंग्रजीशी त्याची गाठ दहावीनंतर सुटलेली, ती पुन्हा बसेना. शेवटी गौरीच्या नाचाला बाया दर ओळीला 'गो' लावून ज्या ठेक्यावर फेर धरतात, त्या ठेक्यावर मी क्रियापदं बसवून दिली.

आज मी वॉक गो, काल मी वॉक्ड गो,
उद्याच्या पारी मी विल वॉक गो…

आठवड्याभरात सगळा कारखाना गुणगुणू लागला. मालक काळुरामशेठसुद्धा सोंडेला रंग देता देता 'हॅव बीन वॉकिंग गो' म्हणायचे. आणि हरेश रोज एक क्रियापद लिहून काढायचा. वही कुठली हाताशी? बैठकीमागची पांढरी जागा मात्र रोज समोर. रंगाचा शेवटचा हात बसला की अक्षरं झाकली जातील, असा त्याचा हिशेब.

पण शेवटच्या आठवड्यात अशी घाई उडाली, की काळुरामशेठ म्हणाले, मागं कोन बघतंय, द्या पाठवून. रोहा आणि शेजारच्या अष्टमी गावच्या मूर्ती टेंपोतून तशाच गेल्या. मखरात पाठ भिंतीकडेच, त्यामुळे कुणालाच कळलं नाही.

गौरी-गणपतींच्या विसर्जनाला कुंडलिका नदीच्या घाटावर मूर्ती ओळीने ठेवल्या. आरती झाली. अष्टमीच्या विमलबाईंनी आपली मूर्ती उचलायला म्हणून फिरवली आणि त्या थबकल्या. मग बाबांना हाक मारली.

"ओ मास्तर, ह्यो कंचा मंत्र लिवलाय, बघा जरा."

'वॉश'चा मंत्र होता, बाराही काळांतला. शेजारच्या मूर्तीमागे 'कुक'. त्याच्या पलीकडे 'जंप'. बाबा चष्मा पुसत एकेक मूर्ती तपासत पुढे चालले, आणि आरतीचं ताट घेऊन मी त्यांच्यामागे. आमच्या मूर्तीमागे काय असेल… मला एकाएकी अंदाज आला.

आय लव्ह उर्वी. आय लव्ड उर्वी. आय विल लव्ह उर्वी… अशा बारा ओळी.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत हरेश आला. एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्यात ब्रश. मूर्तींच्या पाठीला रंगाचा शेवटचा हात दुसऱ्या कुणी मारला असेल, असं तो धरून चालला होता. पाठी न रंगवताच मूर्ती गेल्या, असं सकाळी काळुरामशेठ सहज बोलून गेले, तसा तो पेणहून सुटला होता.

बाबांनी ब्रशकडे पाहिलं. "हे तू लिहिलंस?"

"व्हय."

बाबा पुन्हा वाकले. वरून खाली वाचलं. मग खालून वर. मग बोट लावून. चौतीस वर्षं चुका पकडणारं ते बोट… एखादी तरी सापडावी म्हणून प्रत्येक ओळीवर रेंगाळत होतं. बारावी ओळ संपली. बाबा सरळ झाले.

"सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. आवाज असा, जणू तेच नापास झालेत.

तेव्हा कुठे मला कळलं. तो इंजिनियर, तो बँकवाला, तो कच्चा पाया… बाबांना मी घरातून जायला नको होते, एवढंच.

हरेशलाही कळलं असावं. त्याने डबा खाली ठेवला.

"मास्तर, कारखान्यात सतरा मानसं हायत. गानं समद्यांना येतं, पन अर्थ कुनालाच म्हाईत नाय. तुम्ही पेनला आलात तर… म्हंजे, आमच्यासंगंच ऱ्हायला… एक खोली हाय. खाडीचा वारा येतो."

बाबांनी मूर्तीमागच्या ओळींवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "सतराही जण रोज बसतील?"

"काळुरामशेठ धरून अठरा."

मूर्ती हातांवर घेऊन विमलबाई कधीच्या उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, काय ते लवकर म्हना. माझं हात भरून आलं."

बाबांनी आमची मूर्ती उचलली. क्षणभर छातीशी धरली आणि हरेशच्या हातांवर ठेवली.

"नीट धर. आणि तिची पाठ माझ्याकडे राहू दे."

तो कमरेएवढ्या पाण्यात गेला. खालची ओळ आधी भिजली, मग तिच्या वरची, मग तिच्याही वरची. बाबा माझा हात धरून उभे होते, आणि अक्षरं दिसेनाशी होईपर्यंत ओठांतल्या ओठांत वाचत होते.