साडेचारचा वाटा

दुपारचे साडेचार वाजले की जगातली सगळी काजू निवडणारी यंत्रं अर्धा तास चुकायची.

चुकायची म्हणजे काय, तर चांगला अख्खा, सायीच्या रंगाचा गर बाजूला काढून टाकाऊत फेकायची. सगळेच नव्हे, दहा-बारांतला एखादा. एरवी दिवसभर त्यांची नजर इतकी पक्की की गराच्या पोटात सुईएवढं भोक असलं तरी सुटायचं नाही. साडेचार ते पाच मात्र हे असं. सातेवाडीत तसंच, व्हिएतनाममध्ये तसंच, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरही तसंच, आणि प्रत्येक ठिकाणी तिथल्या घड्याळात साडेचार वाजले की. सदतीस वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. टाकाऊ माल थेट भट्टीत जायचा, आणि भट्टीत काय गेलं ते कोण बघत बसतो? २०६८ साली अन्न जाळण्याआधी तपासायचा कायदा झाला, भट्टीच्या तोंडाशी आणखी एक कॅमेरा बसला, आणि महिन्याभरात पुण्याच्या प्रयोगशाळेतली डॉ. अन्विता भोसेकर आजऱ्याच्या पलीकडं, सातेवाडीत, राजाक्का गुरवच्या दाराशी येऊन उभी राहिली.

राजाक्का ओट्यावर गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. वय त्र्याहत्तर, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, जीभ मात्र शाबूत.

"राजश्री गुरव म्हणजे तुम्हीच ना, आजी?"

"व्हय. पण राजश्री म्हणणारं आता कोण उरलं न्हाई. बस की. च्या ठेवू?"

आता राजाक्काचा आणि त्या यंत्रांचा संबंध काय, ते आधी सांगायला हवं. यंत्राचं काम दिसायला साधं. पट्ट्यावरून गर एकामागोमाग येतात. वर कॅमेरे असतात. काही कॅमेरे आपल्याला दिसतो तोच उजेड बघतात, काही आपल्या डोळ्यांच्या पलीकडचा. त्या पलीकडच्या उजेडात गरात ओल किती, तेल खवट व्हायला लागलंय का, आत अळीनं घर केलंय का, हे कळतं. गर वाईट ठरला की पट्ट्याच्या टोकाला बारीक नळीतून हवेची फुंकर येते आणि तेवढाच गर उडून पलीकडच्या पेटीत पडतो. सुपानं पाखडण्याचीच ही तऱ्हा, फक्त एका सेकंदात शंभरदा.

पण वाईट कशाला म्हणायचं हे यंत्राला कुणीतरी शिकवावं लागतं. कॅमेऱ्याला दिसतं सगळं, समजत काही नाही. म्हणून २०३१ च्या हंगामात कंपनीची माणसं सातेवाडीच्या कारखान्यात आली, बेचाळीस निवडणाऱ्या बायकांतून त्यांनी राजाक्काला हेरलं आणि तिच्या डोळ्यांवर एक चष्मा चढवला. ती कुठल्या गराकडे बघते, किती वेळ बघते, हात कुठल्या ताटाकडे जातो, सगळं त्या चष्म्यानं चार महिने टिपलं. त्यातून जे तयार झालं त्याचं नाव नजरसाचा, माणसाच्या बघण्याचा साचा. एकदा तो पडला की त्यातून हव्या तितक्या नजरा काढाव्यात. राजाक्काचा साचा इतका सरस निघाला की पुढं जगभरच्या काजूला तोच लागला. कारखान्याच्या दारावर पितळी पाटी आहे, 'राजश्री गुरव यांची निर्दोष नजर'. गावात पाहुणा आला की त्याला ती दाखवायला नेतात, आणि राजाक्का "त्यात काय एवढं" म्हणत दरवेळी सोबत जाते.

अन्वितानं चहा घेत घेत साडेचारची भानगड सांगितली. राजाक्का शेंगा मोडत ऐकत होती.

"मला एवढंच कळायला हवंय आजी, की चूक डोळ्यांची होती का हाताची," अन्विता म्हणाली. "दुपारी तुमचे डोळे थकत असतील, तर सगळाच साचा संशयाचा झाला. तो पुसावा लागेल. आणि हातानं मुद्दाम केलं असेल, तर डोळे खरे. मग तुम्ही तेवढा अर्धा तास पुन्हा बसून दुरुस्त करून देऊ शकता. कायद्यानं साच्याला हात लावायचा हक्क नजरदाराचा, म्हणजे ज्याची नजर त्याचाच."

"तेवढा अर्धा तासच काढून टाका की. मला कशाला बसवता?"

"आमटीत पडलेलं मीठ वेचून काढता येतं का? तुमच्या चार महिन्यांतला प्रत्येक क्षण सगळ्या साच्यात मुरलाय. काढायचं तर सगळंच, नाहीतर वरून नवीन शिकवायचं."

"आन् मुद्दाम केलं असं मी म्हणाले तर?"

"तर तसं लिहावं लागेल. कोणी, का, सगळं."

राजाक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती म्हणाली, "डोळेच थकत असतील. ऊन यायचं त्या खिडकीतनं."

खोटं बोलली. पण त्या पितळी पाटीवर चोर म्हणून शिक्का बसायचा, आणि तिच्या जोडीदारणीचं, शालनचं, नाव मेल्यावर कागदावर चढायचं, यापेक्षा साचा पुसला गेलेला बरा, असं तिला वाटलं.

अन्वितानं वाद घातला नाही. "मग उद्या पुसायचा अर्ज करते. त्याआधी एकदा कारखान्यात येता? साचा चालताना शेवटचं बघून घ्या."

त्याला मात्र राजाक्का नाही म्हणू शकली नाही.

निवडणीची खोली तीच होती. पश्चिमेच्या खिडक्या तेवढ्या बुजवल्या होत्या, कारण यंत्राला बाहेरचा उजेड चालत नाही. राजाक्काला तिथं पाऊल टाकवेना. या खोलीत बेचाळीस बायकांचा कलकलाट असायचा. टरफलांच्या तेलानं बोटं काळी पडलेली, त्यावर राख चोळलेली. कुणाची सासू, कुणाचा नवरा, कुणाचं आदल्या रात्रीचं भांडण, सगळं ताटांवरून फिरायचं. कुणी गाणं धरलं की पलीकडच्या खोलीतल्या साल काढणाऱ्या बायका तिकडून ओढायच्या. चारला चहा यायचा, तो इतका गोड की ओठ चिकटावेत, आणि तरी सगळ्या मुकादमाला म्हणायच्या, साखर विसरलास काय रे. आता खोलीत पट्टा घरघरत होता आणि दुसरा आवाज नव्हता.

साडेचार वाजले. पट्ट्यावरून एक अख्खा गर आला, भरलेला, टोकाशी जरासा वाकलेला. फुंकर आली. गर उडून टाकाऊच्या पेटीत पडला. थोड्या वेळानं तसाच दुसरा.

राजाक्का बघतच राहिली. शालनला असेच आवडायचे, टोकाला वाकलेले. सगळ्यांतून नेमके तेच राजाक्काचा हात शोधायचा. छत्तीस वर्षांची असताना केलेली ती हातचलाखी त्र्याहत्तराव्या वर्षी समोर चालू होती, आणि करणारा हात कुठंच नव्हता.

"हे कुठं जातंय?" तिनं विचारलं.

"भट्टीत."

"कुणी घेत न्हाई यातलं? झाडणारी, पुसणारी?"

"इथं कुणी बाई नाही आता. पेटी भरली की आपोआप भट्टीत रिकामी होते. सगळीकडे तसंच."

"पहिल्यापासनं?"

"पहिल्यापासून, आजी. सदतीस वर्षं."

राजाक्का एका पालथ्या क्रेटवर बसली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "जळलं माझं शानपण. लिही पोरी. हातानं केलं. डोळे चांगले होते माझे."

आणि तिनं सांगितलं. साडेचारला त्या काळी वजनाचा काटा बंद व्हायचा. दिवसभराचा टाकाऊ माल वजन होऊन तेलाला जायचा, पण काटा बंद झाल्यावर, पाचला सुट्टी होईपर्यंत, जे टाकाऊ निघायचं ते साल काढणाऱ्या बायकांनी वाटून घरी न्यायचं, असा तिथला रिवाज होता. मालकालाही ठाऊक होतं. फुटके, डागाळलेले, करपलेले तुकडे. त्या वर्षी शालनला दिवस गेले होते. शालन साल काढायची, राजाक्काची लहानपणापासूनची जोडीदारीण. आधी दोनदा तिच्या पोटातलं गेलं होतं. डॉक्टरनं सांगितलं, अंगात काही नाही, खायला घाला. बायकांनी आपसांत ठरवलं, हंगाम संपेपर्यंत साडेचारचा सगळा वाटा शालनचा.

"दिवसभर काजूत बसायची आन् एक दाणा तोंडात टाकायची चोरी. गेटवर झडती व्हायची," राजाक्का म्हणाली. "मग मीच काटा बंद झाला की चांगल्यातले थोडे टाकाऊत सोडायची. चष्मा होता डोळ्यांवर, ठाऊक होतं मला. मला वाटलं, त्याला काजू दिसतात, मनातलं कुठं दिसतंय?"

"मनातलं नाहीच दिसलं त्याला," अन्विता हळूच म्हणाली. "तीच तर अडचण झाली. त्यानं हात बघितला, घड्याळ बघितलं. शालन त्याला दिसलीच नाही."

"मुलगी झाली तिला. सव्वातीन किलोची. बारशाला तिच्या कानात कुर्र मी केलं." राजाक्काच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती लपवत नव्हती. "शालन जाऊन बारा वर्षं झाली. आन् हे अजून तिचा वाटा काढतंय. काढतंय आन् जाळतंय. अन्न जाळायचं म्हणजे काय गं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी अन्वितानं त्याच खोलीत, बुजवलेल्या खिडकीशी टेबल मांडलं. दोन ताटं, एक चांगल्याचं, एक टाकाऊचं. नवा चष्मा इतका हलका होता की नाकावर आहे हे कळतही नव्हतं.

"तेव्हा जे टाकाऊत टाकलं होतं, तसले गर या वेळी चांगल्यात टाकायचे," अन्विता म्हणाली. "साच्याला कळायला हवं, की साडेचारलाही चांगलं ते चांगलंच."

"म्हंजे तिला न्हाई म्हणायचं."

अन्वितानं चांगल्याचं ताट तिच्या उजव्या हाताशी सरकवलं.

साडेचार वाजले. पहिला वाकलेला गर राजाक्कानं उचलला आणि हात आपसूक डावीकडे, टाकाऊकडे गेला. तिनं तो मधेच धरला. गर चिमटीत, हात हवेत. शालन दारातून वाकून बघायची, साडी पोटावर ताणलेली, हसायची आणि भुवईनंच विचारायची, आज किती? राजाक्कानं हात उजवीकडे नेला आणि गर चांगल्यात ठेवला. दुसरा उचलला. पुन्हा थांबली. तोही चांगल्यात ठेवला.

"न्हाई गं शालन," ती पुटपुटली. "आता न्हाई."

अर्ध्या तासात एकही चांगला गर टाकाऊत गेला नाही. पाच वाजता तिनं चष्मा काढून दिला.

पुढच्या आठवड्यात कारखान्याच्या दारावरची पाटी निघाली. 'निर्दोष' हा शब्द आता ठेवता येत नाही, असं कंपनीचं पत्र आलं. गावातल्या दोघाचौघांनी राजाक्काकडे बघून तोंड फिरवलं. तिला त्याचं वाईट वाटलं, पण वाटेल असं धरलं होतं तेवढं नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी, दुपारीच, अन्विताचा फोन आला.

"आजी, चूक गेली. कुठल्याही कारखान्यात एक चांगला गर भट्टीत जात नाही."

"बरं झालं बाई."

"पण दुसरंच काहीतरी होतंय." अन्विता जरा अडखळली. "साडेचार ते पाच यंत्रं मंदावतात. अख्खा गर आला, त्यातही टोकाशी वाकलेला, की पट्टा थबकतो. मग गर चांगल्यात जातो, आणि पट्टा पुढं सरकतो. साचा नुसतं काय निवडायचं ते शिकत नाही, एकेका गराशी किती थांबायचं तेही शिकतो. माझ्या हे आधी लक्षात यायला हवं होतं."

"किती थांबतं?"

"पाव सेकंद. यंत्राच्या मानानं खूप झालं. एरवी तेवढ्यात पंचवीस गर निघून जातात. कंपनी म्हणतेय, राजाक्कांना आणखी एकदा बसवा, न थांबता निवडायला सांगा."

राजाक्कानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेचार वाजून गेले होते.

"बसवा की. कितीदा बसवायचं तितक्यांदा बसवा. पण त्या येळेला माझा हात थांबणार पोरी. ते माझ्या हातात न्हाई."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आन् मी गेल्यावर?" राजाक्कानं विचारलं.

"तुम्ही गेल्यावर साच्याला हात लावायचा हक्क कुणालाच नाही. आणि जगात सगळीकडे हाच एक साचा आहे. थांबतच राहतील, आजी. कुणासाठी, ते त्यांना कधीच कळणार नाही."

"जाळताना तरी कुठं कळत होतं," राजाक्का म्हणाली. मग तिनं विचारलं, "पाव सेकंद म्हणालीस न्हवं?"

"हो."

"मी त्याहून जास्त थांबले होते," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.