डावखुऱ्या टाकीची कमान

देहूरोडच्या कॅम्पाकडे जाताना, रुळांपलीकडे एक लहानसं चर्च होतं. आधी ती गोऱ्या शिपायांसाठी ठोकलेली नुसती पत्र्याची शेड. मग काळ्या दगडाच्या भिंती आल्या, उंच अरुंद खिडक्या आल्या, वर कौलं चढली. दर्शनी कमान मात्र टिकली नाही. लाकडी साचा काढला त्याच दिवशी ती कोसळली, आणि खाली उभा असलेला भिमाजी पाथरवट तिच्याखाली गेला.

त्या घराण्याची रीतच तशी. ज्यानं कमान बांधली त्यानं तिच्याखाली उभं राहायचं, मगच साचा काढायचा.

भिमाजीच्या मागं त्याच्या बायकोनं, सोजराबाईनं, डोईवरचा पदर खांद्यावर घेतला तो कायमचा. "ज्याच्यासाठी घेत व्हते त्यो गेला," म्हणून गावाचं तोंड बंद केलं. एकटीनं पोर वाढवलं, खाणीवर माणसं राबवली, कुणाचं ऐकून म्हणून घेतलं नाही.

आता गोरे गेले होते. कॅम्पाजवळच्या कारखान्यात गोव्याची, मद्रासची माणसं आली होती. रविवारी चर्च भरून दाराबाहेर गर्दी होई. फादरनी कमान पुन्हा बांधायला काढली. काम आलं भैरूकडे, सोजराबाईच्या लेकाकडे.

"जुने दगड चिंचेखाली पडलेत. चांगले घडीव आहेत, वाया कशाला घालवायचे?" फादर म्हणाले.

"तुमच्या देवाला उष्टं चालत आसंल, आमच्या टाकीला न्हाई चालत," सोजराबाई म्हणाली. "नवी कमान, नवे दगड."

भैरूनं टाकी-हातोडा घेऊन नवे दगड घडवले. कमान चढली. माथ्यावर कळीचा दगड बसला त्या संध्याकाळी सोजराबाई बघायला गेली. तिरप्या उन्हात टाकीचा एकेक फराटा उठून दिसत होता.

सगळे फराटे उलट्या अंगाला झुकले होते.

भिमाजी डावखुरा होता. जेवायलासुद्धा डावाच हात. सासूनं किती बोल लावले, सुटला नाही. भैरूचं सगळं उजव्या हातानं.

"बापाचे दगड लावलेस का रं?"

"न्हाई आये. मीच घडवले की. तू म्होरं बसली व्हतीस."

खरंच होतं ते. ती चिंचेखाली गेली. जुने दगड तिथंच होते, गवतात रुतलेले, शेवाळलेले.

"उद्या खाली उभा ऱ्हाऊ नगंस," ती म्हणाली.

"आन् लोक काय म्हणतील? पाथरवटाचं पोर भ्यालं?" भैरू हसला. "रीत मोडायची न्हाई, हे तूच शिकिवलंस न्हवं?"

सोजराबाई वाद अर्धवट टाकून घराकडे वळली. असं कधी झालं नव्हतं.

सकाळी साचा काढायला घेतला. भैरू कमानीखाली पाय रोवून उभा राहिला. एक पाचर निघाली. मग दुसरी. वरून चुन्याची भुकटी आली आणि तिच्यात तो दिसेनासा झाला.

सोजराबाईनं डोळे मिटले नाहीत.

काही पडलं नाही.

धूळ बसली. भैरू वर बघत उभा होता. हाका मारल्या तरी हलला नाही. मग सावकाश बाहेर आला. फादरनी गूळ वाटला, लोकांनी पाठ थोपटली.

तिच्या जिवात जीव आला. "ये रं मुडद्या, खाऊन घे," म्हणत तिनं भाकरीचं फडकं सोडलं.

तो बसला. डाव्या हातानं भाकरी मोडली. कालवणात बुडवून एक घास खाल्ला, आणि मान वर न करता म्हणाला,

"मीठ कमी हाय, सोजरे."

तिचा एक हात मिठाच्या पुडीकडे गेला. दुसऱ्यानं आपसूक खांद्यावरचा पदर उचलून डोईवर घेतला.