‘जुने’ की ‘नवे’?

“माझ्या हृदयाचा डावा कप्पा कुणी पुसला?”

दारातून आलेल्या या प्रश्नाने शिवांगी दचकली. तिच्या हातात डस्टर होतं आणि फळ्यावर अर्धंच हृदय उरलं होतं. पुसलेल्या जागेत तिने चौकटी काढल्या होत्या, चौकटीतून बाण, बाणापुढे पुन्हा चौकट... नाकारायला जागाच नव्हती.

“मी,” ती म्हणाली. “मला वाटलं, कुणाला नको असेल.”

तो हसला नाही. पण हसू दाबायला त्याला मान खाली घालावी लागली, हे तिने बरोबर टिपलं.

तो वीरभद्र, लातूरच्या एका क्लासमधला जीवशास्त्राचा सर. उदगीरकडचा, उंच, बोटांना कायम खडू लागलेला. आणि ती नांदेडच्या वजिराबादेतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतली. क्लासचे मालक गुरुपादप्पा सर यांना यंदा सगळे प्रवेश मोबाइलवरून हवे होते, म्हणून कंपनीने तिला इथे धाडलं होतं. गल्लोगल्ली क्लास निघाले होते, भिंत दिसली की तिच्यावर कुणातरी टॉपरचा फोटो. मग आपणच मागं का राहायचं, असं सरांचं म्हणणं.

शिवांगीला लहानपणापासून एक खोड. ‘का?’ हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की उत्तर मिळेपर्यंत तिला चहासुद्धा गोड लागत नसे. हा सर फळ्यावरच्या चित्राला ‘माझं हृदय’ का म्हणतो, इथपासून तिची सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी त्याने हृदय नव्याने काढलं, पण फळ्याच्या एका कडेला. बाकी फळा मोकळा सोडला. कुणासाठी, ते त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. तिच्या बाबतीत हे नवलच होतं.

मग तास संपला की तो तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहू लागला. पडद्याच्या डाव्या बाजूला फॉर्मचे कोरे घटक असत — नावाची पट्टी, तारखेची चौकट, पर्यायांचे गोल. हवा तो उचलायचा, फॉर्मवर ठेवायचा आणि काय विचारायचं ते त्याला शिकवायचं. उत्तर आलं की अर्ज कुणाकडे जाईल, त्याचा बाण ओढायचा. तयार घटकांत जे बसत नाही ते आपल्याला हवं तसं घडवायचं, आणि शिवांगी त्यातच रमायची.

“ही लाल चांदणी कशापायी?” त्याने विचारलं.

“हे भरल्याबिगर पुढं जाता येत न्हाई.”

“आणि हे? हे तर आधी दिसत नव्हतं.”

“ते लपलेलं असतं. आधीचं उत्तर बरोबर आलं, तरच उघडतं.”

तो पडद्याजवळ वाकला. “म्हणजे माणसासारखंच हाय की...”

शिवांगीच्या हातातला बाण भलत्याच चौकटीला जाऊन चिकटला. तो काढून पुन्हा नीट जोडायला तिने उगाचच वेळ लावला.

फॉर्म सुरू झाला. त्यात एक प्रश्न होता, ‘जुने विद्यार्थी की नवे?’ मोबाइलवर ओळ मोडते म्हणून गुरुपादप्पा सरांनी ‘विद्यार्थी’ हा शब्द उडवायला लावला. राहिले दोन गोल — ‘जुने’ आणि ‘नवे’. जुनी म्हणजे गेल्या वर्षी याच क्लासला असून मेडिकलच्या परीक्षेत थोडक्यात हुकलेली मुलं. त्यांचे अर्ज थेट वीरभद्रच्या रिपीटर बॅचकडे जाणार होते. नव्यांचे मोठ्या बॅचकडे.

मोठी बॅच बघता बघता भरली. रिपीटर बॅचकडे मात्र काळं कुत्रं फिरकेना. गुरुपादप्पा सरांनी वीरभद्रला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगून टाकलं. शनिवारपर्यंत पोरं आली नाहीत तर बॅच बंद, आणि त्याने सोलापूरच्या शाखेत जायचं.

वीरभद्र बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा एवढासा झाला होता. उन्हाळाभर तो औसा-किल्लारीकडच्या गावांतून मोटरसायकलवर फिरला होता. हुकलेल्या पोरांच्या आईबापांना त्याने समजावलं होतं की एक वर्ष अजून द्या, पोरगं हुशार आहे.

“सगळ्यांनी हाव म्हणलं होतं, मॅडम,” तो म्हणाला. “जेवू घातलं मला. आणि आता एकबी न्हाई? माझ्या शब्दावर कुणाचा भरवसाच नव्हता म्हणायचं.”

शिवांगी परत पडद्याकडे वळली. सोलापूर काही सातासमुद्रापार नव्हतं. हा गेला तर गेला, आपल्याला त्याचं काय, असं तिने स्वतःलाच विचारलं. या एका प्रश्नाचं उत्तर मात्र तिला शोधावं लागलं नाही. तो तिला आवडत होता. फार आवडत होता.

पण जेवू घालणारी माणसं एकाएकी फिरतील का? तिला ते पटेना. पडद्यावर बघून काही कळत नव्हतं, म्हणून ती खाली प्रवेशाच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिथे औशाकडचे एक गृहस्थ, शेषेराव, लेकीचा फॉर्म मोबाइलवर भरत होते. लेकीच्या खांद्याला क्लासचीच बॅग होती, गेल्या वर्षीच्या रंगाची. आणि शेषेरावांचं बोट न अडखळता ‘नवे’वर पडलं.

“मामा, ही तर गेल्या साली इथंच होती ना?” शिवांगीने विचारलं. “मग नवे का दाबलं?”

शेषेरावांनी तिच्याकडे जरा दयेनेच बघितलं. “जुनं का नवं, असं इचारलंय न्हवं? मंग आमचं नवंच हाय. जुनं पडलं की भूकंपात.”

“काय पडलं?”

“गाव, बाई. मंग सरकारनं नवं बसवून दिलं. कचेरीत जावा, बँकेत जावा, सोयरीक करायला जावा, आमाला पयलं हेच इचारतेत. जुन्या गावचे का नव्या? जुन्यात आता कोन राहतंय? बाभळी.”

शिवांगीने लेकीकडे बघितलं. भूकंप झाला तेव्हा ही लेक जन्मालाही आली नव्हती. जुनं गाव तिने पाहिलं असेल तर शेताकडे जाता-येता. तरी तीही मान हलवत होती, बाप म्हणतो तेच बरोबर म्हणून. नांदेडच्या शिवांगीला किंवा उदगीरकडच्या वीरभद्रला हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नव्हता. या माणसांना तो जन्मभर चिकटला होता, आणि वर आपणही तो लाल चांदणी लावून विचारला होता.

तिने तिथल्या तिथे मोबाइलवर मोठ्या बॅचचे अर्ज चाळले. त्याच गावांची नावं एकामागून एक निघाली, तशी ती जिना चढून थेट वीरभद्रच्या वर्गाच्या दारात गेली.

“सर, तुमची पोरं फिरली न्हाईत,” ती धापा टाकत म्हणाली. “सगळी आलीत. ‘नवे’ म्हणजे नवं गाव समजून मोठ्या बॅचमधी जाऊन बसलीत.”

त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हात काढले तेव्हा गालांवर खडू होता आणि डोळे ओले.

पुढचं काम दोघांनी मिळून केलं. ते दोन गोल शिवांगीने काढून टाकले. त्यांच्या जागी नवा घटक घडवला, ‘याआधी आमच्या क्लासला होता का?’ हो म्हटलं तरच खाली गेल्या वर्षीचा हजेरी क्रमांक विचारणारी पट्टी उघडायची. मग आधीच्या अर्जांची पाळी आली. वीरभद्र एकेका घरी फोन लावायचा, ती अर्ज उचलून त्याच्या बॅचकडे वळवायची. एका आईने फोनवर विचारलं, सर तुमच्यामागं बाईमाणसाचा आवाज येऊन राहिला, लग्न केलं का काय? त्याने घाईघाईने फोन ठेवला. शिवांगीला सगळं ऐकू गेलं होतं, पण ती पडद्यावरून नजर हलवायला तयार नव्हती.

शनिवारी रिपीटर बॅचला शेजारच्या वर्गातून बाकं आणावी लागली. सोलापूरचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आणि शिवांगीचं काम संपलं. इतकं नीट संपलं की लातुरात थांबायला तिच्यापाशी एकही कारण उरलं नाही.

नांदेडच्या बसपर्यंत बॅग त्यानेच उचलून आणली. आभाळ भरून आलं होतं, पडत मात्र नव्हतं. अहमदपूरला चहा बरा मिळतो, खिडकीजवळ बसा, पोचल्यावर फोन करा... त्याच्याकडच्या सूचना संपल्या. मग तो बॅगेचा पट्टा उगाच नीट करत राहिला.

“एक विचारायचं होतं,” तो म्हणाला. “...न्हाई, राहू द्या.”

“अर्धा प्रश्न टाकून जाऊ नका, सर. मला झोप येत न्हाई मग.”

त्याने पट्टा सोडला. “सोलापूरला जायचं म्हणून माझा जीव तुटत होता, तो बॅचसाठी न्हाई. बॅच काय, तिथंबी मिळाली असती. तुम्ही तिथं नव्हत्या.”

‘का?’ असं विचारायचं शिवांगीला पहिल्यांदाच सुचलं नाही. कानशिलं तापली, हसू आलं आणि रडूही आलं, सगळं एकदमच. ती बसच्या पायरीवर चढली, पण आत जाईना. मागून कंडक्टर ओरडत होता.

“परत कधी येऊन राहिल्या?” वीरभद्रने विचारलं.

तिने दांडा घट्ट धरला आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

“नुसतं येऊ,” ती म्हणाली, “का येऊन राहू?”

घंटी वाजली. बस हलली तसा तोही दाराबरोबर चालू लागला, आधी सावकाश, मग भरभर.

“राहा,” तो म्हणाला.