तीनशे चौऱ्याऐंशी ओळी

जुळे सोलापुरातल्या एका तंत्रनिकेतनात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते. एकवीस वर्षं झाली. पोरं मला पाठीमागे 'अँटीव्हायरस बाई' म्हणतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. कुणाचाही पेनड्राइव्ह माझ्या लॅबमध्ये सरळ मशीनला लागत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून माझं, या चंद्रिकाबाईंचं, डोकं फिरलं असं कुणालाही वाटेल.

माझा नवरा मल्लिनाथ अक्कलकोट रोडच्या एका चादरींच्या कारखान्यात डिझायनर होता. चादरीवर मोर असो की फूल, आधी ते चौकोनी घरांच्या आलेखावर भरावं लागतं. आलेखातली एक ओळ म्हणजे मागावरचा एक आडवा धागा. विकतचे प्रोग्रॅम त्याला पसंत पडेनात, म्हणून हट्टानं माझ्याकडून शिकून त्यानं स्वतःचा लिहिला. आमची निम्मी भांडणं त्या प्रोग्रॅमवरून झाली. गेल्या जूनमध्ये तो कारखान्यातच, काम करता करता गेला. घरात भांडायलाही कुणी उरलं नाही.

एप्रिलमध्ये त्याचा कारखान्यातला जोडीदार रफीक भर उन्हाचा घरी आला आणि एक पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.

"मल्लूच्या ड्रॉवरमदी घावला, भाबी. त्याचा प्रोग्राम हाय की यात. पन सरळ लावू नका, आमच्या मशीनीत लई व्हायरस हाय."

"हे तुम्ही मला सांगताय?"

तो हसला. मग उगाच पंख्याकडे बघत बसला.

मला तो प्रोग्रॅम तपासायचा नव्हताच. मल्लिनाथचं काहीतरी अर्धवट राहिलेलं बघायचं होतं. एखादं पान, एखादी पाकळी, काहीही. पण हाताची सवय जात नाही. असले संशयित प्रोग्रॅम चालवायला आम्ही कॉम्प्युटरच्या आत दुसरा, नावापुरता कॉम्प्युटर उभा करतो. आतल्याचं काय व्हायचं ते होवो, बाहेरच्याला झळ लागत नाही. तो कशानं उभा करायचा, यावर मी दोन दिवस घालवले. एक सॉफ्टवेअर माझ्या जुन्या लॅपटॉपला झेपेना. दुसरं व्हर्च्युअलबॉक्स, त्यात आतलं मशीन हवं त्या क्षणी गोठवून ठेवता येतं. तिसरा विंडोजचाच सँडबॉक्स. तो दर वेळी कोरा उघडतो आणि बंद केला की आतलं सगळं कायमचं पुसून टाकतो.

मी पुसणारा निवडला. सगळ्यात सुरक्षित तोच. इंटरनेट तोडलं, फोल्डर फक्त वाचण्यापुरता दिला. आतून बाहेर एक अक्षर लिहिलं जाणं शक्य नव्हतं.

प्रोग्रॅम उघडला. वर त्याचं नाव, बाजूला रंगांच्या डब्या, मध्ये आलेख. तीनशे चौऱ्याऐंशी ओळी, सगळ्या पांढऱ्या. काहीच ठेवून गेला नव्हता. मी सँडबॉक्स बंद केला आणि कूलरच्या आवाजात पोटभर रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर पुन्हा उघडला. का, ते विचारू नका. तळाच्या एकतीस ओळी भरलेल्या होत्या.

मी आधी स्वतःलाच झापलं. काल नीट बघितलं नसणार. पण तिसऱ्या दिवशी अठ्ठावन्न ओळी होत्या, चौथ्या दिवशी नव्वद. मूळ फाईलची तारीख, आकार, सगळं तपासलं. तिच्यात एका अक्षराचा फरक नव्हता. सँडबॉक्सला कालचं काही आठवणं शक्य नाही, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहून शिकवते.

नक्षी खालून वर चढत होती. पहिल्यांदा शहाबादी फरशीचे सांधे दिसले. मग खुर्चीचे चार पाय. मग साडीचा काठ.

ती आमचीच खुर्ची होती. मी बसले होते तीच.

रविवारी रफीकला बोलावून दाखवलं. त्यानं खुर्ची जवळ ओढली आणि स्क्रीनवर बोट टेकवलं.

"ह्यो कोपरा बघा," तो म्हणाला. "कोपरा मोडताना एक घर रिकामं सोडायचा मल्लू. मालक वरडायचा, तरी सोडायचा. दुसरं कुनी असं करत न्हाय."

"आधीचं असेल एखादं काम."

"व्हय, असंल." त्याचा आवाज काही खात्रीचा नव्हता. "पुरं कवा होनार?"

"दिवसाला तीसेक ओळी भरतात."

"शेवटची ओळ भरली की डिझायनर उठतो, भाबी. मग त्याचं काम सपलं. मग तो कशाला थांबतोय?"

चहा न घेताच तो गेला.

सोमवारी मी जांभळी साडी नेसले होते. चित्रातला काठ रविवारपर्यंत हिरवा होता, तो जांभळा झाला होता. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर मी वर्षानुवर्षं चिकटपट्टी लावून ठेवली आहे. आणि कॅमेरा समोरून बघतो. चित्र मागून काढलेलं होतं.

माझ्या मागे भिंत आहे आणि भिंतीपर्यंत दोन पावलांची मोकळी जागा. मी वळून पाहिलं. भिंत होती.

भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त हिशेब छळत होता. दोनशे सत्तर ओळी झाल्या होत्या. चार दिवसांत तो उठून जाणार होता, आणि या खेपेला मला ते आधीच ठाऊक होतं.

म्हणून मी सॉफ्टवेअर बदललं. प्रोग्रॅम व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालवला. नक्षी खांद्याच्या जरा खाली आली होती. मी आतलं मशीन तिथल्या तिथे गोठवलं.

अकरा दिवस ते तसंच राहिलं. एकही ओळ वाढली नाही. मी रोज समोर बसायचे, चादरीसारखी सपाट स्वतःची पाठ बघायचे. तो जात नव्हता, पण येतही नव्हता. फोटोही हेच करतो, आणि फोटो माझ्याकडे चाळीस आहेत. मला फोटो नको होता. मला तो हवा होता. पाठीमागे येऊन, "अगं, ही ओळ बघ की," म्हणणारा.

बाराव्या दिवशी दुपारी चारला मी ते मशीन पुन्हा चालू केलं.

या वेळी ओळी माझ्या डोळ्यांदेखत भरत गेल्या.

खांदा आला.

उजव्या कडेतून शर्टाची बाही आली. मग मनगट.

मग खांद्यावर टेकलेली चार बोटं. ती मी कुठेही ओळखली असती.

माझी मान, अंबाडा, समोरची खिडकी. तीनशे चौऱ्याऐंशीवी ओळ भरली आणि प्रोग्रॅमनं त्याच्या साध्या अक्षरांत विचारलं: 'जतन करू?'

जतन करायचं तर बाहेर लिहायची परवानगी द्यावी लागणार होती. म्हणजे आतलं बाहेर येऊ द्यायचं. एकवीस वर्षांत मी हे कुणाला करू दिलं नाही.

मी परवानगी दिली. 'हो' दाबलं.

आतलं मशीन आपोआप बंद झालं. फाईल माझ्या लॅपटॉपवर आली होती. मी ती उघडली.

फरशी होती. खुर्ची होती. जांभळ्या साडीतली मी होते. प्रत्येक कोपऱ्यात एकेक घर रिकामं होतं.

उजवा खांदा मोकळा होता. चित्रात हात नव्हता.

मी हलले नाही. मागे वळूनही पाहिलं नाही. खुर्ची तेवढी सावकाश पुढे ओढून घेतली, त्याला उभं राहायला जागा हवी म्हणून.